शस्त्रक्रिया शिकणारे हात आणि आपल्या वस्तीचा हक्क

कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनमध्ये बोटे सापडलेला कामगार, साखर वाढून पाय काळा पडलेली आजी, मध्यरात्री पोट धरून कळवळणारा तरुण, स्तनात गाठ लागूनही सहा महिने कोणाला न सांगणारी बाई. आपल्या वस्तीतली ही सगळी माणसे शेवटी एकाच दाराशी येतात. त्या दाराला आपण सिव्हिल म्हणतो. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय असो की मिरजेचे शासकीय रुग्णालय, खासगी दवाखान्याचे डिपॉझिट ज्याला भरता येत नाही त्याला दुसरा रस्ता नसतो. आणि तेथे त्याला प्रथम हात लावतो तो मोठा सर्जन नव्हे, तर शस्त्रक्रिया शिकत असलेला निवासी डॉक्टर. वॉर्डात त्यालाच रेसिडेंट म्हणतात.

हा रेसिडेंट कसा घडतो, त्याला कोण शिकवतो, तो किती तास जागा असतो आणि मुळात तो कोणत्या घरातून येतो, हे प्रश्न डॉक्टरांचे अंतर्गत प्रश्न आहेत असे समजून आपण आजवर गप्प बसलो. आमचे म्हणणे असे की हे प्रश्न सगळ्यात आधी आपले आहेत. कारण ज्या देहावर शस्त्रक्रिया शिकली जाते तो देह बहुतेक वेळा आपला असतो.

रेसिडेंट म्हणजे कोण?

एमबीबीएस झाल्यावर नीट-पीजीची परीक्षा देऊन जो एमएस जनरल सर्जरीला प्रवेश घेतो, त्याचे शिक्षण तीन वर्षांचे असते. आपल्या राज्यात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. तो विद्यार्थीही असतो आणि रुग्णालयाचा पगारी नोकरही. म्हणून त्याला मिळते त्या पैशाला विद्यावेतन म्हणतात.

पहिल्या वर्षी तो रक्त काढतो, ड्रेसिंग करतो, रिपोर्ट गोळा करतो, केसपेपर लिहितो, गळू फोडतो, जखमेला टाके घालतो. ऑपरेशनच्या टेबलावर तो बहुधा जखमेच्या कडा मागे धरून उभा असतो. दुसऱ्या वर्षी वरिष्ठ शेजारी उभे असताना अपेंडिक्स, हर्निया, हायड्रोसील त्याच्या हाती येऊ लागतात. तिसऱ्या वर्षी आतड्याला छिद्र पडलेला रुग्ण, गँगरीनचा पाय, स्तनाची, थायरॉइडची शस्त्रक्रिया अशी मोठी कामे तो शिक्षकाच्या देखरेखीखाली करतो आणि रात्रीची इमर्जन्सी त्याच्यावर असते.

या प्रत्येक कामाची नोंद त्याने लॉगबुकात करायची असते. शस्त्रक्रिया नुसती पाहिली, मदतनीस म्हणून केली, देखरेखीखाली केली की स्वतंत्रपणे केली, अशा त्या नोंदीच्या पायऱ्या आहेत. वाचकांनी या पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. पुढच्या सगळ्या चर्चेचे मूळ त्यांच्यात आहे.

ही पद्धत आली कोठून?

शस्त्रक्रियेचे आजचे निवासी शिक्षण १८८९ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॅल्स्टेड या सर्जनने उभे केलेल्या पद्धतीवरून आले. शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहायचे, पायरीपायरीने जबाबदारी घ्यायची, हा त्याचा गाभा. रेसिडेंट म्हणजे निवासी हा शब्द तेथूनच आला. पद्धत गुणाची होती, परंतु तिच्या मुळाशी एक रोगही होता. माणसाला झोप, घर, आजारपण असते हे तिने मोजलेच नाही. खुद्द हॅल्स्टेड कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या व्यसनात अडकला होता, हे आता वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्या काळात घातलेला दिवसरात्र राबण्याचा पायंडा मात्र जगभर 'परंपरा' म्हणून चालू राहिला. परंपरेच्या नावाखाली काय काय चालते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आपल्या भागाला शस्त्रक्रियेचा वारसा मोठा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते चालवले. लांबलांबून लोक मिरजेला ऑपरेशनसाठी येऊ लागले. वॉन्लेस यांनी नुसती ऑपरेशने केली नाहीत, येथल्या तरुणांना वैद्यक शिकवण्याची सोयही केली. पुढे १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. म्हणजे सांगली, मिरज आणि कुपवाड ही तीन गावे १९९८ साली एका महापालिकेत येण्याच्या कितीतरी आधीपासून हा परिसर डॉक्टर घडवतो आहे. ज्या भूमीवर सर्जन घडतात, त्या भूमीवरच्या गोरगरिबांना ते कसे घडावेत हे सांगण्याचा हक्क आहे.

शिकाऊ डॉक्टरला 'नाही' म्हणावे का?

'आमच्या माणसावर शिकाऊ डॉक्टरांनी प्रयोग केला' हे वाक्य वस्तीत नेहमी ऐकू येते. त्यामागचा राग खरा आहे. पैसेवाला माणूस सर्जन निवडतो. गरिबाला जो ड्युटीवर असेल तो मिळतो. आपल्या देहावर हात बसवायचा आणि तयार झालेला हात घेऊन शहरातल्या मोठ्या रुग्णालयात जायचे, हा व्यवहार डोळ्यांत खुपणारच.

तरीही आमचे मत असे की शिकणाऱ्या डॉक्टरला नाकारणे हा त्यावरचा उपाय नाही. कोणीतरी, कोणावर तरी, पहिले अपेंडिक्स काढल्याशिवाय जगात एकही सर्जन तयार झालेला नाही. जगातल्या सुमारे पाचशे कोटी लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असे लॅन्सेट आयोगाने २०१५ साली सांगितले. त्या पाचशे कोटींत आपली माणसे आहेत. सर्जन कमी घडले तर श्रीमंतांचे काही अडणार नाही, आपलेच अडेल.

म्हणून वाद शिकण्याशी नाही, शिकवणाऱ्याच्या गैरहजेरीशी आहे. देखरेखीखाली काम करणारा रेसिडेंट आणि एकट्याने चाचपडणारा रेसिडेंट यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्याच्या शेजारी अनुभवी हात असतो. चूक होण्याआधी तो हात अडवतो. दुसऱ्याच्या शेजारी कोणी नसते आणि चुकीची किंमत रुग्ण मोजतो. शिकाऊ हात ही अडचण नाही. शिकाऊ हाताला एकटे सोडणे हा अन्याय आहे, आणि तो रुग्णावर व डॉक्टरवर सारखाच होतो.

आपल्या वाचकांना जीवकाची कथा ठाऊक आहे. विनयपिटकातल्या महावग्गात ती येते. उकिरड्यावर टाकून दिलेले ते मूल तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यक शिकले. शेवटी गुरूने त्याला सांगितले की तक्षशिलेभोवती योजनभर फिर आणि औषधी नसलेली वनस्पती शोधून आण. जीवक रिकाम्या हाताने परतला. त्याला तशी एकही सापडली नव्हती. तेव्हा गुरूने त्याला जाण्याची परवानगी दिली. या कथेत आम्हाला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. शिष्य तयार झाला की नाही हे गुरूने स्वतः पारखले. आणि जन्म उकिरड्यावरचा असला तरी तक्षशिलेने त्याला शिकवले. आजच्या रुग्णालयांकडे आपण या दोनच कसोट्या घेऊन जायचे आहे.

अंगठा देण्याआधी विचारायचे प्रश्न

ऑपरेशनआधी आपल्यापुढे संमतीचा कागद येतो. रात्री दोन वाजता, घाबरलेल्या अवस्थेत, आपण न वाचता सही किंवा अंगठा करतो. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संमती खरी असली पाहिजे. रुग्णाला आजार, उपचार, धोके आणि दुसरे पर्याय यांची पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे, आणि एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला आपोआप लागू होत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली मांडलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही माहितीचा आणि संमतीचा हक्क आहे. हे हक्क सिव्हिलमधल्या मोफत खाटेवरही तितकेच लागू आहेत. मोफत उपचार म्हणजे उपकार नव्हे. तो आपल्याच कराच्या पैशाचा हिशेब आहे.

म्हणून नम्रपणे, भांडण न करता, पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. मला नेमके काय झाले आहे आणि कोणते ऑपरेशन करणार आहात?

२. ऑपरेशन कोण करणार आणि ते निवासी डॉक्टर असतील तर देखरेखीला कोणते वरिष्ठ असतील?

३. ते वरिष्ठ ऑपरेशनच्या वेळी थिएटरमध्ये असतील की फोनवर?

४. ऑपरेशन न केल्यास काय होईल, दुसरा उपाय आहे का?

५. ऑपरेशननंतर रात्री त्रास झाला तर कोणाला हाक मारायची?

चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, वरिष्ठांना मदतीला बोलवावेसे वाटूनही जो ज्युनिअर संकोचतो, त्याला हे प्रश्न आधार देतात. मात्र एक पथ्य पाळावे. जीव धोक्यात असेल, रक्त वाहत असेल, तेव्हा प्रश्नांसाठी वेळ घालवू नये.

जागरणाची किंमत

कॅज्युअल्टीत सलग छत्तीस तास ड्युटी हा शब्दप्रयोग प्रत्येक निवासी डॉक्टरला परिचित आहे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत मात्र सलग काम सर्वसाधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त असू नये असे म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीत 'वाजवी' कामाचे तास, विश्रांतीला वाजवी वेळ आणि आठवड्याची एक सुट्टी लिहिली आहे. पण वाजवी म्हणजे किती, हे लिहिलेले नाही. त्याच आयोगाच्या मानसिक आरोग्यावरील कृतिगटाने २०२४ साली आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको अशी शिफारस केली. ४८ वरून आपण ७४ वर आलो आणि तेही शिफारस म्हणून! गिरणी कामगारांनी आठ तासांचा दिवस लढून मिळवला. सुईदोरा हातात असणाऱ्याला तो का नाही?

सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामातली अचूकता रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, हे १९९७ साली नेचर या नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवले. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरच्या एसटीत आपण चढत नाही. मग तीस तास जागलेल्या डॉक्टरच्या टेबलावर आपल्या आईला झोपवताना आपण काय विचार करतो?

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत मरण पावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर प्रचंड कामाच्या ओझ्याखाली होते. तिच्या वडिलांनी प्रश्न लावून धरला आणि त्या राज्यात तासांची मर्यादा आली. २००३ पासून अमेरिकेत सगळीकडे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. एका बापाने विचारलेल्या प्रश्नाने देशाचा नियम बदलला.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. अनेक ज्येष्ठ सर्जन म्हणतात की तास कमी केले तर हात तयार होणार नाहीत. अमेरिकेत ११७ सर्जरी प्रशिक्षण केंद्रांत झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ८० तासांची मर्यादा तशीच ठेवून पाळ्यांचे नियम सैल केल्यावर रुग्णांचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत वाढली नाही असे दिसले. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. नुसते घड्याळ बदलल्याने रुग्ण सुरक्षित होत नाही; पाळी बदलताना एका डॉक्टरने दुसऱ्याला रुग्णाची पूर्ण माहिती देणे तितकेच मोलाचे आहे. पण ती चाचणी ८० तासांच्या आतली होती. शंभर तास राबवण्याचे समर्थन तिच्यातून निघत नाही. शिवाय रेसिडेंटचे कितीतरी तास खाटेवरून रुग्ण ढकलण्यात, रक्ताच्या बाटल्या आणण्यात आणि रिपोर्टमागे धावण्यात जातात. वॉर्डबॉय, नर्स, तंत्रज्ञ यांची रिकामी पदे भरली तर तास कमी होऊनही शिकणे वाढेल. ही पदे भरा, असे म्हणणे म्हणजे आपल्याच मुलांच्या नोकऱ्या मागणेही आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरील निवासी डॉक्टर तरुणीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. लांबलचक ड्युटीनंतर ती विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. विश्रांतीची सुरक्षित खोली ही चैन नाही, हे देशाला कळायला एक जीव जावा लागला.

चाकू कोणाच्या हाती येतो?

आता त्या लॉगबुकाकडे पुन्हा वळू. सर्जरीचे शिक्षण पुस्तकात नसते. ते 'केस मिळण्यात' असते. आज हर्निया कोण करणार आणि कोण नुसता उभा राहणार, हे युनिटमधले वरिष्ठ ठरवतात. या निर्णयाचा कुठेही अर्ज नसतो, गुणपत्रिका नसते, अपील नसते. जेथे निर्णय तोंडी आणि बंद दाराआड होतो, तेथे जात सहज आत शिरते. प्रवेशाच्या वेळी आरक्षण आहे. टेबलावर ते नाही. तीन वर्षे ज्याला फक्त ड्रेसिंग आणि कागदपत्रे दिली, तो पदवी घेऊन बाहेर पडला तरी हात कोराच राहतो. आणि मग तेच लोक म्हणतात, 'बघा, कोट्यातून आलेल्याला ऑपरेशन येत नाही.'

ही कल्पनेची भीती नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली. २००७ च्या अहवालात वसतिगृहातील छळ, शिक्षकांकडून मिळणारी दुय्यम वागणूक, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षांतील भेदभाव यांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या संस्थेची ही स्थिती होती.

डॉ. पायल तडवी यांचे नाव आपल्या भागाने विसरू नये. जळगाव जिल्ह्यातल्या आदिवासी तडवी कुटुंबातली ही मुलगी एमबीबीएस शिकली ती आपल्या मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात. पुढे मुंबईच्या नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला, असा कुटुंबाचा आरोप आहे. त्यावरून आत्महत्येस प्रवृत्त करणे, अॅट्रॉसिटी आणि रॅगिंगविरोधी कायद्यांखाली गुन्हा दाखल झाला. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे. परंतु एक गोष्ट ठरवायला न्यायालयाची गरज नाही: तक्रार वेळेवर ऐकणारी, कनिष्ठाला विश्वास वाटेल अशी यंत्रणा असती तर कदाचित आज एका आईची लेक डॉक्टर म्हणून काम करत असती.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नियम २०२१ पासून आहेत. कागदाची उणीव नाही. उणीव आहे ती वरिष्ठाविरुद्ध बोलणाऱ्या कनिष्ठाला मिळणाऱ्या संरक्षणाची. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच उद्या केस देणार आणि त्याच विभागात परीक्षा होणार.

'गुणवत्ते'चे सोंग

राखीव जागेतून आलेल्या डॉक्टरकडे ऑपरेशन करून घ्याल का, असे कुत्सितपणे विचारणारे भेटतात. त्यांना काही गोष्टी शांतपणे सांगाव्यात.

एक, आरक्षण प्रवेशाला आहे, उत्तीर्ण होण्याला नाही. एमएसची परीक्षा सर्वांना एकच, उत्तीर्णतेची रेघ एकच.

दुसरे, २०२३ च्या नीट-पीजीला जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून पात्रतेची पर्सेंटाइल सर्वच प्रवर्गांसाठी शून्यावर आणली गेली. त्या दिवशी 'गुणवत्ता धोक्यात' म्हणून मोर्चे का निघाले नाहीत? लाखो रुपये फी भरून खासगी आणि अभिमत महाविद्यालयांत खालच्या क्रमांकावर जागा मिळते, तेव्हा गुणवत्तेची काळजी कोठे जाते?

तिसरे, सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२२ च्या निकालात पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय कोट्यातले ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सांगितले की परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येत नाही. त्या गुणांमागे घराची सांपत्तिक आणि सामाजिक स्थिती असते.

आणि चौथे, आमच्या अनुभवाचे. वस्तीतल्या बाईने 'पोटात वायगोळा उठतो' म्हटल्यावर ज्याला ती भाषा कळते, जो तिच्या फाटक्या केसपेपरला नाक मुरडत नाही, तो डॉक्टर तिला वाचवण्याची शक्यता जास्त. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्यामागे हीच समज होती की राज्यकारभार ज्यांच्यासाठी, त्यांची माणसे त्यात हवीत. रुग्णालयालाही तेच लागू आहे.

आमच्या मागण्या

आम्ही कोणत्याही एका रुग्णालयावर बोट ठेवत नाही. राज्यातल्या प्रत्येक शासकीय आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयाकडे या मागण्या आहेत.

१. सर्जरी विभागाने दर सहा महिन्यांनी प्रत्येक रेसिडेंटने किती शस्त्रक्रिया पाहिल्या, किती मदतनीस म्हणून केल्या, किती देखरेखीखाली केल्या याचा तक्ता विभागात लावावा. एका वर्षातल्या विद्यार्थ्यांत मोठी तफावत असेल तर विभागप्रमुखाने लेखी कारण द्यावे. अंधारातला भेदभाव उजेडात टिकत नाही.

२. प्रत्येक ऑपरेशनच्या नोंदीत देखरेख करणाऱ्या शिक्षकाचे नाव आणि ते प्रत्यक्ष हजर होते की नाही हे लिहावे.

३. ड्युटीचे तास हजेरीयंत्रावर नोंदवावेत आणि रात्रपाळीनंतर सक्तीची सुट्टी द्यावी.

४. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी प्रत्येक टेबलावर मोठ्याने वाचली जावी. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. या यादीत टेबलाभोवतीचा प्रत्येकजण आपले नाव आणि काम सांगतो. ज्या खोलीत नर्सला आणि सर्वांत कनिष्ठ डॉक्टरलाही नाव असते, त्या खोलीत 'सर, थांबा' म्हणण्याचे धैर्य येते. आम्हाला ही यादी समतेचा धडा वाटते.

५. भेदभावाच्या तक्रारींसाठीच्या समितीत महाविद्यालयाबाहेरचे सदस्य आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत. तक्रारदाराचे युनिट आणि परीक्षक बदलण्याचा अधिकार समितीला असावा.

६. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा पातळीवरील रुग्णालयांत तीन महिने काम करण्याची योजना आता लागू आहे. त्या काळात शिकवणारा सर्जन तेथे असलाच पाहिजे. नाहीतर ती योजना म्हणजे रिकामी पदे विद्यार्थ्यांकडून भरून घेण्याची युक्ती ठरेल.

आपण काय करायचे?

मागण्या शासनाकडे, पण काही कामे आपल्या हातची आहेत.

आपल्या समाजातून एमबीबीएस झालेली मुले सर्जरीकडे कमी वळतात. तीन वर्षे घरी पुरेसा पैसा येणार नाही, नंतर शासकीय सेवेचे बंधपत्र, बंधपत्र मोडल्यास पन्नास लाखांचा दंड, आणि घरात लहान भावंडांची शिक्षणे, हा हिशेब आडवा येतो. मुलींना तर 'सर्जरी बाईमाणसाचे काम नव्हे' हे घरूनही ऐकावे लागते. ज्यांनी लेकीला एमबीबीएसपर्यंत नेले, त्यांनी पुढच्या पायरीवर तिचा हात सोडू नये. विहारात जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा पदव्युत्तर प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलांच्या पुस्तकांना आणि राहण्याला दिला, तर तो योग्यच खर्च होईल.

कागदपत्रे आधी तयार ठेवावीत. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आणि अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के जागा आहेत. राज्याच्या कोट्यासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते, तर केंद्राच्या कोट्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात, मात्र तो दाखला वेगळा काढून घ्यावा. गुण असूनही कागदासाठी जागा हातची जाऊ नये.

जे सर्जन झाले आहेत त्यांनी आपल्यामागून येणाऱ्या ज्युनिअरचा फोन उचलावा. वॉर्डात एकट्या पडलेल्या पोराला किंवा पोरीला 'मी पण यातून गेलोय' हे एक वाक्य किती बळ देते, ते सांगता येत नाही.

आणि रुग्ण म्हणून आपण रेसिडेंटवर हात उगारू नये. खाट नाही, औषध नाही, मशीन बंद आहे, याचा दोष त्या पोराचा नसतो. तोही बहुधा काल सकाळपासून उभा असतो. त्याला मारल्याने वॉर्डातली नर्सची रिकामी जागा भरत नाही. लोकप्रतिनिधीला आणि अधिष्ठात्यांना लेखी निवेदन दिल्याने निदान प्रश्न तरी नोंदला जातो. कुपवाडच्या प्रत्येक मंडळाने वर्षातून एकदा असे निवेदन द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि सहा महिन्यांनी उत्तर मागावे.

आपल्या वस्तीतल्या माणसांच्या देहावर या राज्यातले कितीतरी सर्जन शिकले. त्याचा मोबदला म्हणून आपण पैसे मागत नाही. आपण एवढेच मागतो की शिकवणारा शेजारी उभा असावा, शिकणारा झोपलेला असावा, आणि त्या शिकणाऱ्यांच्या रांगेत आपलीही लेकरे असावीत. टेबलापासून दूर नव्हे, टेबलापाशी.